तांदूळ कोण मोजतं?

तिसरीच्या वर्गात वजनाचा धडा चालू असतो. पुस्तकात तराजूचं चित्र, फळ्यावर '1 किलोग्रॅम = 1000 ग्रॅम', आणि मुलं ते खाली मान घालून वहीत उतरवून घेत असतात. त्याच वेळी वर्गापासून वीस पावलांवर, किचनशेडमध्ये, त्याच मुलांच्या दुपारच्या जेवणाचे तांदूळ काढले जात असतात. समजा, आज तेवीस मुलं हजर आहेत. पहिली ते पाचवीसाठी ठरलेलं प्रमाण माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं आहे. म्हणजे आज 2 किलो 300 ग्रॅम तांदूळ, 460 ग्रॅम डाळ, 1 किलो 150 ग्रॅम भाजी आणि 115 ग्रॅम तेल लागेल. गुणाकार झाला, किलो-ग्रॅमचं रूपांतर झालं, बेरीज-वजाबाकीही झाली, कारण कट्ट्यात किती उरले तेही लिहायचं असतं. असं उदाहरण कुठल्याही पुस्तकाला छापता येणार नाही, कारण याचं उत्तर दुपारी ताटात येतं आणि चुकलं तर शेवटच्या पंगतीतल्या पोराला कमी पडतं.

हे उदाहरण मुलांच्या वाट्याला मात्र येत नाही. तांदूळ मावशी मोजतात, बहुतेक वेळा ठरलेल्या पत्र्याच्या डब्यानं. हिशेब गुरुजी लिहितात, आधी रजिस्टरात आणि मग मोबाइलवर. मुलं हात धुऊन ताट घेऊन रांगेत बसतात. शाळेच्या दिवसातलं खरं गणित मोठी माणसं आपापसांत उरकून टाकतात आणि मुलांसाठी खोटं गणित बनवायला बसतात: 'एका दुकानदाराकडे 23 पिशव्या आहेत, प्रत्येक पिशवीत 100 ग्रॅम...'

खेड्यातल्या लहानशा प्राथमिक शाळेत हातानं शिकण्यासाठी नवं काही आणावं लागत नाही, असं माझं म्हणणं आहे. ते तिथे रोज घडत असतं. फक्त मुलांना त्याच्या बाहेर उभं केलेलं असतं. आणि मुलांना आत घेतलं तरी तेवढ्यानं भागत नाही. काम करणं आणि शिकणं यांच्यामध्ये एक साकव लागतो आणि तो घालणारा माणूस लागतो. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून हा लेख.

'कृतीतून शिक्षण' म्हटलं की शाळेत आज एकच शब्द ऐकू येतो: उपक्रम. उपक्रमाला तारीख असते, शीर्षक असतं, फलक असतो आणि फोटो असतो. फोटो नसेल तर उपक्रम झालेला नसतो. केंद्रप्रमुखांच्या मोबाइल ग्रुपवर दुपारपर्यंत फोटो गेला नाही तर संध्याकाळी फोन येतो. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि जागतिक हात धुवा दिन एकाच तारखेला येतात. मग सकाळी पुस्तक हातात धरून एक फोटो आणि दुपारी साबण हातात धरून दुसरा. मी शिक्षकांना हसत नाही. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, वर माहिती भरण्याची कामं, त्यात मागवलेले उपक्रम. फोटो काढून मोकळं होणं हा त्यातला शहाणपणाचाच मार्ग आहे. पण त्या फोटोतलं मूल काय शिकलं, हे विचारण्याची सोय त्या ग्रुपवर नाही.

एकदा एका शाळेतला बालबाजार पाहायला गेलो होतो. शाळेचं नाव सांगण्याचं कारण नाही, थोड्याफार फरकानं तो सगळीकडे तसाच असतो. मैदानात पोती अंथरलेली, त्यावर मेथी, कोथिंबीर, लिंबं, शेवग्याच्या शेंगा, एका टोकाला भेळ. पाहुण्यांनी फीत कापली. मुलं उत्साहानं ओरडत होती आणि दृश्य खरंच गोड होतं. थोडा वेळ एका मुलीशेजारी बसलो तेव्हा लक्षात आलं की तिच्याकडच्या प्रत्येक वस्तूचा भाव दहा रुपये होता. जुडी दहाला, लिंबांचा वाटा दहाला, शेंगांची पेंढी दहाला. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून घरून तसंच बांधून दिलं होतं. आलेल्यांपैकी बहुतेकांनी दहाचीच नोट पुढे केली. तिला दोन तासांत एकही वजाबाकी करावी लागली नाही. मोठ्यांनी प्रेमापोटी तिच्या बाजारातलं सगळं गणित आधीच निवडून काढलं होतं, तांदळातले खडे काढावेत तसं.

त्याहून मोठी संधी दुसऱ्या दिवशी हुकली. वर्गात गुरुजींनी विचारलं, "किती रुपये आले?" मुलांनी आकडे सांगितले, टाळ्या झाल्या, विषय संपला. "नफा किती झाला?" असं कुणी विचारलं असतं तर तो वर्ग तासभर पेटला असता. मेथी घरच्या वाफ्यातली, म्हणजे ती फुकट का? बियाणं कुणी आणलं? पाणी कुणी घातलं? आईनं पहाटे उठून जुड्या बांधल्या, त्याचे पैसे धरायचे की नाही? चौथीच्या मुलांना हे प्रश्न झेपतात, आणि त्यांच्या घरचा संसार ज्यावर चालतो तो शेतीचा हिशेब याच प्रश्नांशी येऊन अडतो. बाजार भरवला होता तो यासाठी. पण फोटो आदल्या दिवशीच जाऊन पोहोचले होते.

इथे कुणी म्हणेल, मुलांनी हातानं काही केलं, हे काय कमी आहे? केलं की आपोआप येतं. ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. पोहायला पाण्यात उतरावं लागतं, हे आपण सगळ्यांनाच सांगत असतो. पण हिशेबाच्या बाबतीत ही समजूत खोटी असल्याचा पुरावा चाळीस वर्षांपासून समोर आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं, मक्याची कणसं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास टेरेझिन्हा कॅराहर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केला आणि 1985 साली तो प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. विक्री करताना मुलांनी जे हिशेब केले त्यातले 98 टक्के बरोबर होते. नंतर तेच आकडे घेऊन कागदावर नुसती गणितं घातली तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 37 टक्क्यांवर आलं. एका मुलाला 35 च्या भावानं चार नारळांची किंमत विचारली. तीन नारळांचे 105 त्याला तोंडपाठ होते, त्यात त्यानं 30 मिळवले, मग 5, आणि 140 सांगितले. त्यालाच कागदावर 35 गुणिले 4 दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच. पाच चोक वीस. उत्तर लिहिलं 200. चार नारळांना 200 मागितले असते तर गिऱ्हाईक भांडलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कागदावरच्या 200 शी मात्र भांडायला कुणी नव्हतं.

आपल्या देशातला पुरावा अगदी अलीकडचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचं गणित तपासलं. 2025 साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. ही मुलं तोंडी हिशेबात पटाईत, पण शाळेत विचारतात तशी सोपी भागाकार-वजाबाकी आली की अडणारी. उलट्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी बोचरं आहे. बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या तिघांतल्या एकाहून अधिक मुलांना जमला, तो फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी जेमतेम एका टक्क्याला जमला. म्हणजे नुसता हात वहीपर्यंत पोहोचत नाही आणि नुसती वही बाजारापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही काठांवर शिकणं चालू आहे, मधला ओढा मात्र कुणी ओलांडत नाही.

साकव घालणं म्हणजे नेमकं काय, हे पाऊस मोजण्याच्या उदाहरणावरून सांगतो. याला खर्च शून्य लागतो आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस दारातच असतो. थंड पेयाची रिकामी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून फनेलसारखा आत बसवायचा, बाटली उघड्यावर दोन विटांच्या मध्ये ठेवायची आणि रोज ठरलेल्या वेळी पट्टी लावून पाण्याची उंची मोजायची. हवामान खातं पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं. शाळेनं परिपाठाच्या आधी घ्यावी, पण रोज त्याच वेळेला. इथपर्यंतची कृती कित्येक शाळांत होते. विज्ञान प्रदर्शनात तर अशा बाटल्यांची रांग असते.

खरी मजा इथून पुढे सुरू होते. पहिल्याच दिवशी पट्टी अडते, कारण बाटलीचा तळ सपाट नसतो, पाकळ्यांसारखा असतो. मग शून्य कुठे धरायचं? मुलं भांडतात. कुणी म्हणतं, तळापासून. कुणी म्हणतं, पाकळ्या संपतात तिथून. शेवटी असं ठरतं की पाकळ्या बुडतील इतकं पाणी आधीच घालायचं, तिथे रेघ मारायची आणि ती रेघ म्हणजे शून्य. 'काहीच नाही' असं ज्याला म्हणायला शिकवलं, ते शून्य आज मुलांनी स्वतः ठरवलं आणि त्याच्या खाली पाणीही आहे. मग कुणाला तरी पट्टीकडे पाहून सुचतं की पट्टीचं शून्यसुद्धा कडेपासून जरा आत आहे. वर्षभर याच पट्टीनं ही पोरं कडेपासून मोजत होती.

दोन-चार दिवसांनी एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, आमच्या घरी बादली ठेवली होती, तिच्यात जास्त पाणी साठलं. म्हणजे आमच्याकडे जास्त पाऊस पडला?" शिक्षकानं उत्तर सांगून टाकलं तर सगळं संपलं. न सांगता दुसऱ्या दिवशी एक सरळ उभ्या भिंतीचा रुंद डबा आणि एक तसाच अरुंद डबा शेजारी ठेवला, तर मुलांना दिसतं की रुंद डब्यात पाणी जास्त, पण उंची दोन्हीत सारखी. बादली वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणून ती खोटं बोलते. पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, याचं कारण कुठलीही व्याख्या न पाठ करता हाती लागतं. इथून पाचवीच्या मुलांना आणखी एक पायरी चढवता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वर्गखोलीचं छप्पर सहा बाय पाच मीटर जमीन झाकत असेल, तर चाळीस मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावरून 1200 लिटर पाणी वाहून गेलं, पंधरा लिटरच्या ऐंशी बादल्या. उतरत्या पत्र्याचं क्षेत्रफळ घ्यायचं की खालच्या जमिनीचं, यावर पुन्हा भांडण. आणि मार्चमध्ये टँकर येतो त्या गावात 'ऐंशी बादल्या' हा आकडा मुलं घरी जाऊन सांगतात.

यातली कृती म्हणजे बाटली कापणं आणि पट्टी लावणं, दहा मिनिटांचं काम. बाकी सगळं बोलणं, अडणं, भांडणं, लिहिणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येणं. फोटो दहा मिनिटांचा निघतो. उरलेल्याचा काढायचा म्हटलं तर त्यात वाद घालणारी मळक्या गणवेशातली चार पोरं आणि गप्प बसलेले गुरुजी दिसतील. त्यावर कुणी अंगठा उचलणार नाही.

हातानं शिकण्याचा सगळ्यात मोठा भारतीय प्रयोग आपल्या वर्ध्यात सुरू झाला, त्यामुळे त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणं आपल्यावर बंधनकारक आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीनं मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यातलं वेळापत्रक आज वाचताना दचकायला होतं. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला 3 तास 20 मिनिटं. मातृभाषेला 40 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि अंकगणित या तिघांना मिळून 40. समाज आणि सामान्य विज्ञान मिळून 30. व्यायामाला 10 आणि सुट्टीला 10. कल्पना अशी होती की भाषा, गणित, भूगोल हे सगळं टकळीतूनच उलगडत जावं. कापूस कुठून येतो यातून भूगोल, सूत मोजण्यातून गणित, विलायती कापडाच्या गोष्टीतून इतिहास. यालाच समवाय म्हणत. समवाय हाच तो साकव होता, आणि तो सुचला तेव्हा जगातल्या कुठल्याही शिक्षणविचाराच्या तोडीचा होता.

मग तो मोडला कशानं? स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांची अनास्था, इंग्रजीची ओढ, प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा ही कारणं सांगितली जातात आणि ती खरी आहेत. मला मात्र एक बीज योजनेच्या पोटातच दिसतं. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा अशी गांधीजींची अपेक्षा होती. गरीब देशात शाळा उघडायच्या तर पैसा कुठून येणार, या खऱ्या अडचणीतून ती आली होती. पण एकदा सुताच्या लडीला किंमत आली की लड्या मोजल्या जातात. समवाय मोजता येत नाही. शिक्षकाच्या मनात मग 'आज काय विचारलं?' याची जागा 'आज किती कातलं?' हा प्रश्न घेतो. तेव्हा लड्या मोजल्या गेल्या, आज फोटो मोजले जातात. गांधीजींना हा शेजार आवडला नसता, पण दोन्हींत मोजण्याची गोष्ट एकच आहे: हाताचं काम. आणि सुटून गेलेलीही एकच: त्या कामावरचं बोलणं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचंही हेच झालं. 2010 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण यांवर. कागदावर पाहिलं तर हातानं शिकणाऱ्या मुलाला एवढा मान कुठल्याच परीक्षेनं दिला नव्हता. लवकरच वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. 'प्रयोगात आनंदाने सहभागी होतो', 'साहित्य नीट हाताळते'. एका संध्याकाळी बसून सगळ्या वर्गाच्या नोंदी पूर्ण होतात.

आता त्या आक्षेपाकडे येतो जो शहरातल्या शिक्षणप्रेमींना ऐकू येत नाही, कारण तो त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही. शाळेत मुलांच्या हातात खुरपं दिलं की एखादा बाप येऊन उभा राहतो. "गुरुजी, खुरपायला घरचं रान आहे की. हे करायला पाठवलं का आम्ही याला?" त्याला मागास म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण तो चुकीचं बोलत नाही. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हात चालले आणि अक्षर मिळालं नाही. काही घरांत तर शाळेची आठवणच झाडू हातात घेतल्याची आहे, कारण झाडायचं कुणी आणि बसायचं कुणी हे जातीनं ठरत होतं. आजही बऱ्याच शाळांत मुली रांगोळी काढतात, पाणी भरतात आणि मुलगे बाक हलवतात. 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द ज्यांच्या घरी श्रमाला कधीच प्रतिष्ठा मिळाली नाही, त्यांच्या कानाला वेगळा लागतो.

याचं उत्तर मला महात्मा फुल्यांकडे सापडतं. 1882 साली शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगर किंवा सुताराचं हत्यार हातात धरण्याची त्याला लाज वाटू नये, असं मांडलं. त्याच निवेदनातल्या अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची ओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य अशी यादी आहे. फुल्यांनी अक्षर आणि नांगर यांतलं एक निवडायला सांगितलं नाही. आणि नांगर धरता यावा ही अट त्यांनी शिक्षकाला घातली, पोराला नव्हे. हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. परसबागेत गुरुजी स्वतः वाकले, झाडण्याची पाळी सगळ्यांवर सारखी फिरली, बाईंवर आणि सरांवरही, आणि खुरपल्यावर वाफ्याची लांबी-रुंदी, रोपांमधलं अंतर, किती उगवली आणि किती मेली हे वहीत आलं, तर बाप पुन्हा भांडायला येत नाही. वही उघडून दाखवता येईल असं काही असावं, एवढीच त्याची मागणी असते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादला जे केलं, त्यातही हेच दिसतं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. मग शाळा कुरणावर गेली. गुरं चरत असताना शिकणं चालू. गुरं राखणं हे मुलाचं काम होतंच. त्याच्या कामापर्यंत अक्षर चालत गेलं. आज आपण उलटं करतो: अक्षर शिकणाऱ्या मुलासाठी काम बनवतो, तेही महिन्यातून एकदा.

एक कबुली द्यायला हवी. वाचायला शिकणं आणि पाढे यांना तांदूळ मोजण्याचा पर्याय नाही. अक्षराशी मूल रोज भिडलं पाहिजे, चुकत-माकत मोठ्यानं वाचलं पाहिजे, आणि साता आठा छप्पन्न हे बोटं न मोजता आलं पाहिजे. चिंचोके मांडून, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दशक समजतो. पण गठ्ठे कधीतरी सोडावेही लागतात. तिसरीतलं मूल अजून काड्या मोजून बेरीज करत असेल तर ती कृती त्याला अडकवते आहे. हातानं शिकण्याच्या उत्साहात ही गोष्ट झाकली जाते आणि मग गावातले पालक शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पकडतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

याच पिवळ्या गाडीपायी आणि घटत्या जन्मदरापायी आज लहान शाळांवर बंद होण्याची वेळ आली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या, आणि तेव्हा शिक्षण खात्यानं त्यांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. एवढ्या कमी मुलांत गुणवत्ता येत नाही, खेळ-संगीताला शिक्षक देता येत नाहीत, हा मुख्य युक्तिवाद. चार-पाच पोरांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत आणि एकुलते गुरुजी प्रशिक्षणाला गेले की शाळा बंद असते, हे मी नाकारत नाही. पण अठरा मुलांच्या शाळेत एका काट्याभोवती सगळ्यांचे हात पुरतात. साठ मुलांच्या वर्गात काटा शिक्षकाच्या हातात राहतो आणि मुलं बघतात. कृती असते, पण एका माणसाची. अठरा मुलांत कोण शून्यावर अडलं हे शिक्षकाला चेहऱ्यावरून कळतं. चौथीतली मुलगी पहिलीतल्या भावाला गठ्ठे बांधून दाखवते तेव्हा तिचा स्वतःचा दशक पक्का होतो. एका खोलीत अनेक इयत्ता बसणं ही आपल्याकडे अडचण मानली जाते. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या भोवतालच्या खेड्यांतल्या शाळांनी तीच बैठक धरून शिकण्याची शिडी आणि कार्डांची पद्धत बांधली, आणि तिच्यातूनच पुढे तमिळनाडूनं आपल्या सरकारी प्राथमिक शाळांसाठी कृतिआधारित पद्धत उभी केली. शिवाय मूल गाडीत बसून आठ किलोमीटरवर गेलं की त्याचा पाऊस, त्याची विहीर आणि त्याच्या आईची मेथी मागेच राहतात. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल. ती गावाची नसेल.

शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. अठरा मुलांना दोन शिक्षक म्हणजे खर्चिक, असं हिशेबनीस म्हणतात. मला हा हिशेब बालबाजारातल्या त्या मुलीच्या हिशेबासारखा वाटतो: आलेले रुपये मोजले, नफा कशाला म्हणायचं ते विचारलंच नाही. दोन शिक्षकांपैकी एकाचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जात असेल, तर महाग शाळा पडत नाही, ती माहिती पडते. उपक्रमांची यादी निम्म्यावर आणा. फोटो मागणं थांबवा. त्या वेळात गुरुजींना मुलांशी भांडू द्या.

केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, आणि शाळेत सहज डोकावणारे गावकरी, सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते नंतर पाहा. चौथीतल्या एखाद्या पोराला विचारा, आज किती तांदूळ शिजले. आकडा सांगितला तर विचारा, तुला कसं कळलं. सांगता आला नाही तर त्याला काही बोलू नका. वजनकाटा कुठे ठेवलाय, ते गुरुजींना विचारा.